महागड्या लॅपटॉपची उचकी

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या भाचीच्या लॅपटॉपला जानेवारीपासून उचक्या लागत होत्या आणि त्याची आठवण नेमकं कोण काढतंय, हे शोधायला ऑगस्ट उजाडला. तोवर वॉरंटी संपायला तीन आठवडे उरले होते आणि हप्ते अजून सहा.

भाची पुण्यात ध्वनिसंपादनाचं काम करते. जाहिरातींचे आवाज, पॉडकास्ट, बोलकी पुस्तकं असं जे मिळेल ते. गेल्या गणपतीत तिने पावणेदोन लाखांचा लॅपटॉप घेतला. उत्तम प्रोसेसर, 32 जीबी मेमरी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, 120 हर्ट्‌झचा पडदा. एवढ्या पैशांत निदान चार वर्षं तरी बघायला नको, असा हिशेब. पण तीन-चार महिन्यांतच तो मध्येच अडखळू लागला. माउसचा बाण क्षणभर थिजायचा आणि मग उडी मारून पुढे जायचा. गाणं चालू असेल तर ‘टक्’ असा आवाज यायचा. कधी तासभर काहीच नाही, कधी दहा मिनिटांत तीनदा.

ती दोनदा सेवा केंद्रात जाऊन आली. दोन्ही वेळा तिथे लॅपटॉप शहाण्या मुलासारखा वागला. तपासणीच्या सॉफ्टवेअरने सगळं हिरवं दाखवलं. त्यांनी विंडोज पुसून नव्याने टाकून दिलं आणि दुसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलाने सुचवलं, “मॅडम, तुम्ही फार लक्ष देऊन बघता म्हणून जाणवतं.” हे ऐकून ती चिडली नाही, गप्प झाली. “मामा, मलाच भास होतोय का रे?” असं तिने मला विचारलं तेव्हा मला राहवेना.

भास नव्हता, याचा पुरावा तिच्याकडेच होता. मे महिन्यात ती सासरच्या गावी, मुळशीकडे गेली होती. तिच्या आजेसासूबाईंचं वय 88. जात्यावर बसल्या की त्यांना ओव्या आठवतात, नुसतं सांगा म्हटलं की आठवत नाहीत. भाचीने मुद्दाम जुनं जातं धुऊन पुसून मांडलं, माइक लावला आणि 40 मिनिटं मुद्रण केलं. घरी येऊन ऐकलं तर त्यात चार ठिकाणी तोच ‘टक्’. दोन ठिकाणी जात्याच्या घरघरीत तो लपून गेला, पण उरलेल्या दोन ठिकाणी नेमके शब्द तुटले होते. ध्वनीचे तुटलेले तुकडे सांधता येतात, पण जे टिपलंच गेलं नाही ते कुठून आणायचं?

अधूनमधून येणाऱ्या दुखण्याचं वैद्यकशास्त्राला वावडं नाही. छातीत धडधड होते म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे जातो, ईसीजी काढतात, तो अगदी नॉर्मल येतो. कारण नेहमीचा ईसीजी म्हणजे हृदयाच्या कामाची जेमतेम 10 सेकंदांची नोंद. दिवसाचे सेकंद 86,400. धडधड त्या दहांत सापडण्याची शक्यता ती किती! अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले संशोधक नॉर्मन हॉल्टर यांनी चालता-फिरता ईसीजी टिपणारं यंत्र बनवलं. सुरुवातीचं यंत्र सुमारे 38 किलोंचं होतं आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागे. आज ते खिशात मावतं. पण हॉल्टर लावताना डॉक्टर आणखी एक गोष्ट देतात, ती म्हणजे साधा कागद. किती वाजता काय वाटलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात, हे त्यावर लिहायचं. यंत्राची नोंद आणि रुग्णाची नोंद एकमेकींवर ठेवली की निदान होतं.

आम्ही सुरुवात त्या कागदापासून केली. आठ दिवस तिने वहीत रकाने आखून लिहिलं: वेळ, काम कोणतं, चार्जर लावलेला की नाही, लॅपटॉप कुठे ठेवला होता, पंख्याचा आवाज, वायफाय चालू की बंद, आणि नक्की काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. कारण ‘लॅपटॉप अडकतो’ या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी दडलेली आहेत, हे त्यातून कळलं. एक होतं ‘सगळंच जड होतं’, ते पाच-दहा मिनिटं टिकायचं. दुसरं होतं नुसतं ‘टक्’, म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन गेलेलं. इतके दिवस या दोन्हींना एकच समजून उपाय चालले होते आणि म्हणून कोणताच उपाय धड लागू पडत नव्हता.

जडपणाचं कोडं वहीनेच सोडवलं. तो जवळजवळ दर वेळी रात्री, मोठी फाइल तयार करायला लावून लॅपटॉप गादीवर ठेवलेला असताना यायचा. लॅपटॉपच्या प्रोसेसरला गरम व्हायची मुभा असते, पण एका मर्यादेपर्यंत. अनेक प्रोसेसरांत ती 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली असते. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. शिवाय जाहिरातीत छापलेला तो चार-पाच गिगाहर्ट्‌झचा कमाल वेग हा बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये थोडा वेळ टिकण्यासाठीच असतो, मग यंत्र आपल्या झेपेल त्या चालीवर येतं. पहिल्या मिनिटाला पळणारा आणि दहाव्या मिनिटाला चालणारा लॅपटॉप म्हणजे बिघाड नव्हे, ती त्याची घडणच आहे. पण खालच्या जाळीतून हवा आत घेणारा लॅपटॉप गादीवर ठेवला, तर त्याचं नाक दाबल्यासारखं होतं. त्यात वर्षभराची धूळ. सेवा केंद्राकडून पंखे साफ करून घेतले, गादीऐवजी टेबल आलं आणि जडपणा गेला.

इथे एक गोष्ट विंडोज वापरणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक वही विंडोज स्वतःही लिहीत असतं. त्यात ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ या नावाखाली 37 क्रमांकाची नोंद दिसली तर समजावं, की प्रोसेसरचा वेग यंत्रातल्या फर्मवेअरने खाली ओढला होता. कारण उष्णता असेल किंवा वीज. विजेचं कारण लोक विसरतात. दणकट ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपचा मूळ चार्जर विटेएवढा जड असतो, म्हणून प्रवासात आपण मोबाइलचा छोटा चार्जर लावतो. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, आपण निश्चिंत होतो, आणि लॅपटॉप मात्र मिळेल तेवढ्या शिध्यात भागवत बसतो. नुसत्या बॅटरीवरही तेच. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा 100 वॉट-तास असल्यामुळे उत्पादक सहसा त्याच्या आतच राहतात. शंभर-दीडशे वॉट खाणारं यंत्र त्यावर पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाभरात दिवा विझेल, म्हणून ते आधीच हात आखडतं.

आता उरला तो ‘टक्’. हे खरं अवघड प्रकरण.

टक् झाला त्या क्षणी ‘टास्क मॅनेजर’ उघडा असायचा तरी त्यात प्रोसेसर 10-12 टक्केच वापरात दिसायचा. म्हणजे 88 टक्के यंत्र रिकामं बसलेलं आणि तरीही आवाज तुटतो! सेवा केंद्राचा तर्कही हाच: यंत्रावर भार नाही, मग अडखळेल कसं? पण टास्क मॅनेजर साधारण सेकंदाला एकदा आकडा बदलतो, आणि तो आकडा सरासरी असतो. सरासरी हे मोठं फसवं प्रकरण आहे. कंबरेएवढ्या सरासरी खोलीच्या नदीत माणूस बुडू शकतो.

संगणकावरच्या खेळांची परीक्षणं लिहिणाऱ्यांना हे आधी कळलं. पूर्वी ग्राफिक्स कार्डाची गुणवत्ता सेकंदाला सरासरी किती चित्रं दाखवतो यावर मोजत. 2011 मध्ये ‘टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी एका सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मांडायला सुरुवात केली. गणित साधं आहे. समजा एका सेकंदात 60 चित्रं दिसली. त्यातली 59 चित्रं 800 मिलिसेकंदांत झरझर येऊन गेली आणि उरलेल्या एकाने 200 मिलिसेकंद खाल्ले. सरासरी तीच, सेकंदाला 60. डोळ्याला मात्र ठळक गचका बसतो. 120 हर्ट्‌झच्या पडद्यावर तर दर 8.33 मिलिसेकंदांनी नवं चित्र यायला हवं. पडदा जितका चांगला, तितकी चूक अधिक उघडी पडते. महागड्या लॅपटॉपवरच ही तक्रार जास्त ऐकू येते त्याचं एक कारण हे, स्वच्छ काचेवरच डाग दिसतो.

कान तर डोळ्याहून खट. भाची सेकंदाला 48,000 नमुने या दराने आवाज टिपते. संगणक हे नमुने एकेक करून हाताळत नाही, 256 नमुन्यांचा एक घाणा असतो. 256 ला 48,000 ने भागा, उत्तर येतं 5.33 मिलिसेकंद. म्हणजे दर 5.33 मिलिसेकंदांनी प्रोसेसरने येऊन घाणा उचलायलाच हवा. एक मिलिसेकंद उशीर झाला तरी पुढचे नमुने सांडतात आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतो. इथे प्रश्न यंत्र किती वेगवान आहे हा नाहीच, ते वेळेवर येतं का, हा आहे. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. गाडीचा सरासरी वेग कितीही असो, 8.14 ची 8.17 ला आली की पुढची सगळी साखळी तुटते.

मग एवढा ताकदवान प्रोसेसर पाच मिलिसेकंदांत एकदा हजर का राहू शकत नाही? स्वयंपाकघरात फोडणीसाठी तेल तापत ठेवलंय आणि दाराची घंटा वाजते. दूधवाला आहे. तुम्ही पिशवी घेता, ओट्यावर ठेवता, परत फोडणीकडे येता. दूध तापवणं, साय काढणं नंतर. संगणकातही कीबोर्ड, वायफाय, डिस्क, बॅटरी अशा शंभर जणांच्या घंटा वाजत असतात आणि घंटा वाजली की प्रोसेसरला हातातलं काम टाकून दाराशी जावंच लागतं. याला इंटरप्ट म्हणतात. उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे ड्रायव्हरने, दारातलं काम झटकन उरकावं आणि बाकीचं मागच्या कामासाठी ठेवावं अशी शिस्त आहे. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना घालून दिलेली मर्यादा दारातल्या कामाला 25 मायक्रोसेकंद आणि मागच्या कामाला 100 मायक्रोसेकंद अशी आहे. मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा हजारावा भाग. पण एखादा ड्रायव्हर दारातच गप्पा मारत उभा राहिला तर? फोडणी करपते. आणि गंमत अशी, की घरात बाकी चार माणसं रिकामी बसलेली असली तरी ती करपतेच, कारण त्या शेगडीपाशी कुणी नाही. दहा-बारा टक्के वापराचं गौडबंगाल ते हेच.

असे गप्पिष्ट ड्रायव्हर पकडायला ‘लेटन्सीमॉन’ नावाचा एक छोटा प्रोग्राम मिळतो. ध्वनीचं काम करणारे तो वर्षानुवर्षं वापरतात. आम्ही तो चालू ठेवला आणि शेजारी तानपुरा लावला. तानपुरा लावण्यामागे हेतू होता. गाण्यातला टक् तबल्यात लपतो, तानपुऱ्याच्या अखंड सुरात तो टाचणी पडावी तसा ऐकू येतो. वीस मिनिटांत चार टक्. आणि लेटन्सीमॉनच्या यादीत सर्वांत वर एक नाव: ‘एसीपीआय’. त्याने एका खेपेला 7 मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेतला होता. 5.33 च्या वेळापत्रकात 7. चोर सापडला!

निदान तसं वाटलं. पण ‘एसीपीआय’ हा विंडोजचाच भाग आहे, तो काढून टाकता येत नाही आणि तो दोषी असतोच असं नाही. पंखा, बॅटरी, तापमान, झोप-जाग अशा घरगुती गोष्टींसाठी विंडोज आणि लॅपटॉप बनवणाऱ्याचं फर्मवेअर यांच्यात निरोप पोचवणारा हा गडी. निरोप्याला उशीर झाला म्हणजे निरोप देणारा किंवा घेणारा कुणीतरी वेळ लावतोय. ताप आला हे थर्मामीटर सांगतो, हिवताप की विषमज्वर ते नाही. इथवर येऊन बरेच लोक चुकतात आणि विंडोज पुन्हा टाकतात.

आम्ही निरोप देणाऱ्याच्या शोधात निघालो. विंडोजसोबत सुरू होणारे आणि मायक्रोसॉफ्टचे नसलेले असे 22 प्रोग्राम होते. ते सगळे तात्पुरते बंद ठेवून यंत्र सुरू करायची सोय विंडोजमध्येच असते, तिला ‘क्लीन बूट’ म्हणतात. तसं केलं आणि तानपुरा तासभर स्वच्छ वाजला. म्हणजे आरोपी या बाविसांतच. आता एकेक तपासायचा तर बावीस खेपा. त्याऐवजी निम्मे चालू, निम्मे बंद. टक् आला तर आरोपी चालू असलेल्या अकरांत, नाही आला तर दुसऱ्या अकरांत. पुन्हा त्यांचे दोन भाग. बावीसवरून एकावर यायला जास्तीत जास्त पाच खेपा लागतात. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो, मधूनच उघडतो.

फक्त एक पेच उरतो. टक् आला तर निकाल लगेच लागतो. नाही आला तर? दुखणं गेलंय की नुसतं दबा धरून बसलंय? इथे वैद्यकीय संख्याशास्त्रातला ‘तीनचा नियम’ कामी येतो. नव्या औषधाच्या चाचणीत 300 रुग्णांपैकी एकालाही विशिष्ट दुष्परिणाम झाला नाही, तर ‘तो होतच नाही’ असं म्हणायचं नाही. त्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी असावं, एवढंच 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. तीन भागिले तीनशे. हाच नियम घड्याळाला लावा. टक् सरासरी पाच मिनिटांनी येत असेल, तर त्याच्या तिप्पट म्हणजे पंधरा मिनिटं शांततेत गेल्यावरही ती शांतता निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता शेकडा पाच उरते. अर्धा तास थांबलं तर ती चारशेत एक इतकी खाली येते. म्हणून आम्ही अर्ध्या तासाची मुदत ठरवली. ज्याचा लॅपटॉप दिवसातून एकदाच अडकतो त्याने प्रत्येक बदलानंतर तीन दिवस थांबायला हवं. पण आपण काय करतो? संध्याकाळी पाच गोष्टी एकदम बदलतो, रात्री चांगला चालला की ‘झालं एकदाचं’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी परत टक् आला की त्या पाचातलं काय उपयोगाचं होतं आणि काय नव्हतं, काहीच कळत नाही.

पाचव्या खेपेला नाव हाती आलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचंच ‘कंट्रोल सेंटर’. पंख्याचा वेग, कीबोर्डचे रंगीत दिवे, बॅटरीची तब्येत दाखवणारं. ते दर काही सेकंदांनी फर्मवेअरला विचारत असे: पंखा कसा आहे, ग्राफिक्स कसं आहे, तापमान किती? बहुतेक वेळा उत्तर झटक्यात मिळे. पण वीज वाचवण्यासाठी ग्राफिक्सची चिप झोपलेली असेल, तर आधी तिला उठवावं लागे आणि मग निरोप रेंगाळे, असा आमचा अंदाज. त्यामुळेच टक् अनियमित होता. आठवण काढणारा घरचाच निघाला!

सेवा केंद्राने दोनदा विंडोज पुसून टाकलं तेव्हा काय झालं असणार, हेही आता उलगडलं. कंपनीच्या ठरावीक प्रतीतून विंडोज परत आलं आणि तिच्यासोबत हाच प्रोग्रामही.

यंत्राच्या पोटातलं फर्मवेअर असा त्रास देऊ शकतं, ही काही आमच्या घरची दंतकथा नाही. 2022 च्या मार्चमध्ये एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने जाहीर मान्य केलं, की त्यांच्या काही रायझन प्रोसेसरांवर विंडोज 10 आणि 11 मध्ये यंत्र अधूनमधून क्षणभर थिजतं. मूळ होतं सुरक्षेच्या चाव्या सांभाळणाऱ्या ‘एफटीपीएम’ या व्यवस्थेत. ती मदरबोर्डावरच्या एका संथ चिपशी व्यवहार करताना मधूनच लांबत असे आणि तोवर सगळ्यांनी थांबायचं. उपाय नवा बायोस. विंडोज 11 ला टीपीएम ही व्यवस्था आवश्यक असल्याने लाखाचे संगणक त्याच्या पायी अडखळत होते. पुढच्याच वर्षी लिनक्सवरही तसाच त्रास दिसला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी वैतागून त्या व्यवस्थेकडून यादृच्छिक आकडे घेणंच बंद करायचा पवित्रा घेतला. ज्यांनी आधी तक्रारी केल्या, त्यांनाही बहुधा ‘तुमचाच काहीतरी घोळ असेल’ हेच ऐकावं लागलं असणार.

सगळ्याच टक् आणि गचक्यांचा दोष लॅपटॉपवर नसतो, हेही सांगून टाकतो. बिनतारी माउस उड्या मारत असेल तर त्याचा रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी 3 ची जोडणी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ-गोंगाट करते, हे इंटेलने 2012 मध्येच मोजून दाखवलं आहे, आणि माउस, ब्लूटूथ, जुनं वायफाय सगळे त्याच पट्ट्यात बोलतात. रिसीव्हर बाहेरच्या हार्ड डिस्कपासून लांब, छोट्या वायरीवर लावला की लाखाचा लॅपटॉप बदलायची वेळ टळते. विमानप्रवासाचा मोड चालू करून बघणं ही तर दोन मिनिटांची, फुकटची तपासणी आहे. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली असेल तर तीही रिकामी करा. मात्र ‘मेमरी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ असली चूर्णं देऊ नका. आणि वेग वाढेल म्हणून विंडोजचं संरक्षण किंवा अपडेट बंद करा, असं कुणी व्हिडिओत सांगितलं तर तो व्हिडिओ बंद करा.

आमच्याकडे आता वही होती, लेटन्सीमॉनचे फोटो होते, आणि प्रोग्राम बंद असताना व चालू असताना वाजलेल्या तानपुऱ्याची दोन मुद्रणं होती. हे सगळं जोडून भाचीने कंपनीला मेल लिहिली. भाषा रागाची नव्हती, आकड्यांची होती. आधीच्या दोन्ही खेपांच्या जॉबशीटही जोडल्या. त्या तिने जपून ठेवल्या होत्या हे बरं झालं. तक्रार वॉरंटीत असतानाच नोंदवली होती याचा तो पुरावा. सेवा केंद्रात यंत्र देताना तोंडी सांगून येऊ नये, ‘अधूनमधून आवाज तुटतो’ हे शब्द कागदावर लिहून घ्यावेत. एवढं करून दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आम्हाला त्याची गरज पडली नाही. आठवड्याने वरच्या पातळीवरच्या एका अभियंत्याचा फोन आला. त्याने पहिल्यांदाच “तुम्हाला जाणवतं ते बरोबर आहे” असं म्हटलं आणि नव्या बायोसची फाइल पाठवली.

बायोस बदलण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. चार्जर लावलेला हवा, कारण मध्येच वीज गेली तर यंत्र उठणारच नाही अशी भीती असते. आणि विंडोजने डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लावलेलं असेल तर त्याची 48 अंकी चावी आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायोस बदलल्यावर कधीकधी यंत्र ती चावी मागतं, आणि ती नसेल तर आपलाच विदा आपल्याला परका होतो.

नव्या बायोसनंतर कंट्रोल सेंटर चालू ठेवून तानपुरा लावला. तासाभरात एक टक्. म्हणजे पुष्कळ सुधारणा, पण पूर्ण नाही. शेवटी भाचीने तो प्रोग्राम आपोआप सुरू होणंच बंद केलं. पंखे त्याच्याशिवायही चालतात, ते यंत्रातला वेगळा छोटा नियंत्रक सांभाळतो. कीबोर्डचे रंगीत दिवे तेवढे गेले. मुद्रण करताना ती आणखी खबरदारी म्हणून वायफाय बंद करते आणि घाणा 256 ऐवजी 1,024 नमुन्यांचा घेते. त्याने प्रोसेसरला 21 मिलिसेकंदांची उसंत मिळते. स्वतःचा आवाज कानात थोडा उशिरा येतो, पण ओव्या टिपताना त्याने काही बिघडत नाही.

नवरात्रात ती पुन्हा गावी गेली. जातं मांडलं. आजेसासूबाई आता लवकर दमतात, मध्ये दोनदा पाणी प्यायल्या. मे महिन्यात ज्या दोन ओव्यांचे शब्द तुटले होते त्यांतली एक त्यांनी तशीच म्हटली. दुसरी काही केल्या आठवेना, तिच्या जागी त्यांनी भावाची एक वेगळीच ओवी घातली, जी घरात कुणीच आधी ऐकली नव्हती. ती 26 मिनिटांची फाइल भाचीने मला पाठवली आहे. मी हेडफोन लावून दोनदा ऐकली. एके ठिकाणी टक् आलाय असं वाटलं म्हणून मागे जाऊन पुन्हा लावलं, तर ती जात्याच्या खुंट्यावर आपटलेली बांगडी होती.